ज्याचा पाय भुईला लागू दिला नाही

लोक काशीला जाऊन येतात, पोरांकडं अमेरिकेला जाऊन येतात आणि लिहितात. मी आमच्या माण तालुक्यातून निघालो, साताऱ्यावरून जतच्या पलीकडं गेलो आणि मिरजेला थांबलो. सहा दिवसांचा प्रवास. एवढ्या मुलखाचं काय लिहायचं, असं थोरल्या सुनेनं विचारलं. तिला म्हणालो, वाचशील तवा कळंल.

मी चौथी शिकलो, पुढं पलटणीत शिकवलं तेवढं. एकाहत्तरच्या लढाईत डावा पाय गुडघ्याच्या खाली सुरुंगावर गेला. नाईक होतो, नाईकच राहिलो. सरकारनं त्या वेळी लाकूड-चामड्याचा पाय दिला, त्यावर आजवर शेत केलं, मेंढरं राखली, तीन पोरं मार्गी लावली. कुणापुढं हात पसरला नाही. हे आधीच सांगतो, कारण पुढं जे सांगायचंय ते सांगताना मान खाली जाणार आहे.

माघात शाळवाची काढणी चालली होती. बांधावर बसून भाकरी खात होतो, तेवढ्यात एक जीप आली. जीपमधून एक बाई उतरली. नाव अश्विनी, माहेर वाईचं. हातपाय गेलेल्या माणसाला परत उठवून चालतं करायचं, ही तिची डॉक्टरी. गाडी चालवणारा दस्तगीर मिरजेचा. बाई म्हणाली, "आबा, लढाईत जायबंदी झालेल्या माणसांसाठी देशभर एक नवी व्यवस्था उभी करायची आहे. लष्कराच्या दवाखान्यातून माणूस घरी जातो, आणि घरी गेल्यावर त्याचं काय होतं हे कुणाच्याच वहीत नाही. सुरुवात सातारा-सांगलीत करतोय. इथं जमलं तर बाकीच्या मुलखात."

"आमी मागून काय घेत न्हाई," मी म्हणालो.

"घेऊ नका. मला घरं दाखवा. माणसं आमच्या कॅम्पला येत नाहीत, आणि घरं तुम्हाला ठाऊक आहेत."

ते खरं होतं. तीस-पस्तीस वर्षं झाली, दोन्ही जिल्ह्यांत कुठं जखमी जवान घरी आला, सत्कार ठरला, की पाहुणा म्हणून मला बोलावणं यायचं. छातीवर मेडलं लावायची, फेटा बांधायचा आणि बोलायचं. मला माईक लागत नाही. बायामाणसं रडायची. मी त्या घरात जेवायचो आणि निघून यायचो. परत कधी गेलो नाही, हे तेव्हा ध्यानातच आलं नाही.

सातारा

पहिल्या दिवशी साताऱ्यात बैठक होती. एका मंगल कार्यालयाचा वरचा मजला घेतला होता. जायबंदी माणसांची बैठक आणि चढायला चोवीस पायऱ्या! लिफ्ट होती, तिच्या दाराला टेबल लावून वर खुर्च्या रचल्या होत्या. दोन जण कुबड्यांवर खालीच उभे राहिले. दस्तगीर म्हणाला, "आबा, तुमाला पाठंगुळीला घेतो." मी म्हणालो, "तुझ्या बाला घे." आणि चढलो. सतराव्या पायरीवर माझ्या पायाचा पट्टा तुटला. कठड्याला धरून उभा राहिलो, घामानं शर्ट भिजला. दस्तगीरनं खाली जाऊन जीपमधून मोटारसायकलीची क्लचची वायर आणली आणि तिथंच बसून पट्टा बांधला. बांधताना नाक मुरडलं. "आबा, आत काय सडलंय?"

"गप बस."

बाईनं ऐकलं. "आबा, जखम आहे. मला बघू द्या."

"आमच्या मंडळीनं आख्ख्या संसारात माझा उघडा पाय बघितला न्हाई. ती गेली, पण तिनं बघितला न्हाई. तुमाला कुठनं दाखवू?"

बैठकीत सगळे तक्रारी सांगत होते. अमका कागद आला नाही, तमका पाय मोडला तर दुरुस्तीला पुण्याला खेटे. मला ऐकवेना. मी उठलो. म्हणालो, "रडगाणं बास. जतच्या पलीकडं एक गाव हाय. तितल्या तानाजीचा पाय डोंगरावरल्या लढाईत गेला, पंचवीस वर्सं झाली. माझ्या कानावर येतंय, त्या गावानं त्याला कसा सांभाळलाय ते जाऊन बघा. व्यवस्था दिल्लीत करत न्हाईत, गावात करत्यात. तुमचं मिरजेचं केंद्र उघडंल तवा पयला माणूस म्हणून त्या तानाजीला मी घेऊन येतो. शब्द हाय माझा."

बाईनं वहीत लिहून घेतलं. केंद्र सहाव्या दिवशी उघडायचं होतं.

त्या गावाचं नाव मी इथं लिहिणार नाही. गाव वाईट नाही. वाईट असतं तर नाव लिहिलं असतं.

कोरेगावकडं

दुसऱ्या दिवशी कोरेगावच्या बाजूला मारुती हवालदाराकडं गेलो. वाटेनं ऊसतोड चालली होती, ट्रॅक्टरच्या मागं दोन-दोन ट्रॉल्या, रस्ता चिपाडानं पिवळा. आमच्या माणदेशी डोळ्याला एवढं हिरवं बघवत नाही, पोटात दुखतं.

मारुती बांबूच्या काठीवर उड्या मारत दारात आला. मी विचारलं, "सरकारी पाय कुठाय रं?" तर त्याची आई म्हणाली, "आवं आत हाय की. या, दर्शन घ्या."

दर्शन घ्या! आम्ही आत गेलो. देवघरात खंडोबाच्या टाकाशेजारी, काचेच्या कपाटात, गुलाबी रंगाचा पाय उभा केलेला. बोटांना हळदकुंकू. गुडघ्याला वाळलेला झेंडूचा हार. खंडेनवमीला तलवारीशेजारी पूजा होते म्हणे. देशानं दिलेली वस्तू, ती मातीत कशी घालायची?

दस्तगीर तोंडाला रुमाल लावून बाहेर पळाला. मीही हसलो. मारुतीच म्हणाला, "पयलं एक वरीस घातला आबा. मग आत लागाय लागलं, रगत याय लागलं. आई म्हणाली, पायाचा कोप हुतोय. ठेवला वर."

बाई हसली नाही. तिनं त्याच्या तोडलेल्या पायाभोवती फीत धरली. म्हणाली, "मारुतीभाऊ, पहिल्या वर्षात पायाचं मांस उतरतं. म्हणून वरची वाटी, जिच्यात तोडलेला पाय बसतो ती, बदलायची असते. कुणी सांगितलं नाही?"

"न्हाई."

"मग दुसरी वाटी घ्यायला या, असं पत्र?"

"कुणाचं?"

बाईनं फीत गुंडाळली. मग माझ्याकडं वळून सगळ्यांदेखत विचारलं, "आबा, तुमची वाटी कधी बदलली होती?"

मी म्हणालो, "जेवायची वेळ झाली." जेवण चांगलं होतं. घेवड्याची आमटी आणि भात, वर कच्चा कांदा. मला गोड लागलं नाही.

विट्याच्या पुढं

विट्याकडं सगळी माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्याला परमुलखात, घरी म्हातारी आणि बाया. तिथं शंकर म्हणून एक आहे, लढाईतून परत आलेला जवान. त्याला ओरखडासुद्धा नाही. हातपाय धड, डोळे धड. मी बाईला जीपमधूनच म्हटलं, ह्याच्याकडं कशाला, हा जायबंदी नाही, हा नुसता बसून खातो. सत्कारालाही त्याच्या घरी मी आलो नव्हतो.

त्याच्या बायकोनं चहा केला. घरात भलतीच शांतता होती. दाराच्या कडीला चिंध्या गुंडाळल्या होत्या, वाजू नये म्हणून. कुकरची शिट्टी काढून ठेवली होती. बाईनं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "शिट्टी झाली की हे पोरीला वडून पलंगाखाली घालत्यात, आन वरनं पालथं पडत्यात. पोरगी आता लग्नाची झाली."

शंकर माझ्याकडं बघून म्हणाला, "आबा, तुमाला बरं हाय. तुमचं दिसतंय."

बाईच्या छापील कागदावर पाय, हात, डोळा, कान असे रकाने होते. शंकरसाठी रकाना नव्हता. तिनं कागद आडवा धरला आणि समासात बारीक अक्षरात भरून लिहिलं. जीपमध्ये बसल्यावर म्हणाली, "हा कागद दिल्लीहून आलाय. नवा करून परत पाठवायला लागेल."

मी दोन दिवसांत जे बघितलं त्यानं हबकून गेलो होतो. पण मनात म्हणत होतो, जतला चला. तिथं ह्यांना दाखवतो.

जतच्या पलीकडं

तासगावच्या द्राक्षबागा मागं पडल्या, बेदाण्याची शेडं मागं पडली, की मुलूख आमच्यासारखा होतो. उघडं रान, बाभळी, टेकाडावर पवनचक्क्या. मला बरं वाटलं. गावात शिरलो तर एक म्हातारी दारातनं म्हणाली, "ऊटा आयता?" दस्तगीर म्हणाला, जेवला का विचारतेय. तिथं निम्मं कानडी, निम्मं मराठी.

चावडीच्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटनं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: या वीराचा पाय आमचं गाव भुईला लागू देणार नाही. खाली माझं नाव, नाईक हुद्द्यासकट.

माझी छाती फुगली. पंचवीस वर्षांमागं सत्काराला मी बोललेलं वाक्य, दर दिवाळीला नव्यानं रंग देतात म्हणे. बाईला म्हणालो, "वाचा."

तेवढ्यात तानाजी आला. आला म्हणजे आणला. सागवानी खुर्चीला दोन बाजूंनी दोन वेळू बांधलेले, चार गडी खांद्यावर घेऊन. मागं दोघं बदलीला. तानाजी आता पन्नाशीला टेकलेला, अंग सुटलेलं, पांढरा सदरा, मिशीला पीळ. जाईल तिथं बाया वाकून नमस्कार करत होत्या. तोडलेल्या पायाच्या गुडघ्याखाली मखमली उशी, तिच्यावर गावातल्या बायांनी मोर विणलेला.

त्या वेळचे सरपंच बसगोंडा अण्णा, आता माझ्याएवढेच म्हातारे, मला मिठी मारून म्हणाले, "आबा, तुमचा शब्द एक दिवस मोडला न्हाई बगा." आणि त्यांनी सगळं दाखवलं. दूध डेअरीच्या दाराला पाळीचा कागद. कुठल्या घरानं कुठल्या वारी खुर्ची उचलायची. सकाळी रानाकडं, दुपारी घरी, संध्याकाळी देवळात. पुण्याला कामाला गेलेले पोरगे पाळी चुकली तर बदली माणूस देतात. एवढी शिस्त मी पलटणीत बघितली नव्हती.

"बघा बाई," मी म्हणालो, "ह्याला म्हणत्यात व्यवस्था."

बाईनं विचारलं, "हे खुर्चीतून उतरतात कधी?"

"पलंगावर," बसगोंडा अण्णा अभिमानानं म्हणाले. "न्हाणीत बी पाटावर."

तानाजी मिशीत हसला. "आबा, तुमचं वाक्य भितीवर आन मी खुर्चीवर. पंचवीस वर्सं दोघं बी हाललो न्हाई."

सगळे हसले. मीही हसलो. मग आत नेल्यावर बाईनं ती मोराची उशी बाजूला ठेवली आणि त्याचा गुडघा दोन्ही हातांत धरून सरळ करायला लागली.

गुडघा उघडेना. चाकू मिटावा तसा पाय मागं दुमडून बसला होता. मागची शीर दोरीसारखी ताठ. दुसरा पाय, ज्याची फक्त टाच फुटली होती आणि जी तेव्हाच जुळून आली होती, तो शेवग्याच्या शेंगेसारखा वाळलेला. तिनं तळवा वर केला. मी बघितला. त्या तळव्याला भेग नाही, घट्टा नाही, काही नाही. अजून चालायला न लागलेल्या लेकराचा असतो तसा गुलाबी तळवा, आणि त्याच्यावर पन्नाशीचा मिशाळ माणूस.



"पायाचं माप द्यायला बोलावलं नव्हतं?" बाईनं विचारलं.

"आलती की चिठ्ठी. दोनदा."

"मग?"

तानाजीनं बसगोंडा अण्णांकडं बघितलं. बसगोंडा अण्णा म्हणाले, "आमीच पाठवलं न्हाई. आबांच्या तोंडनं गावानं शब्द दिलावता. लाकडाचा पाय लावून पोरगं खुरडत हिंडलं आस्तं तर गावाची काय ऱ्हायली आस्ती?"

"आणि तिसरी चिठ्ठी?"

"न्हाई आली."

बाई मला बाहेर लिंबाखाली घेऊन गेली. आवाज चढवला नाही. म्हणाली, "आबा, पहिल्या तीन महिन्यांत उभं केलं असतं, तर हा माणूस आज तुमच्यासारखा चालला असता. गुडघ्याखाली उशी ठेवली की आराम वाटतो आणि गुडघा दुमडून आखडतो. ही पहिली गोष्ट शिकवतात आम्हाला. उशी द्यायची नाही."

मी तिथंच खाली बसलो.

मला लष्करी दवाखान्यातली एक सिस्टर आठवली. केरळची, काळीसावळी, बुटकी. रोज सकाळी यायची आणि माझ्या गुडघ्याखालची उशी ओढून फेकून द्यायची. "तकिया नहीं. घुटना सीधा." मी शिव्या द्यायचो. मी कळवळायचो आणि ती उभं करायची. पडलो तर उचलायची नाही, म्हणायची, उठ. पंधरा दिवसांत मी चाललो. पुढं आयुष्यभर मी शेकडो भाषणं केली, त्यात त्या बाईचं नाव कधी घेतलं नाही. मी आपल्या हिमतीवर उभा राहिलो असंच सांगितलं. आणि तानाजीच्या सत्काराला टाळ्या याव्यात म्हणून ते वाक्य बोललो. टाळ्या आल्या होत्या.

मी परत आत गेलो तेव्हा तानाजी एकटा होता. म्हणाला, "आबा, एक सांगतो. पयल्या सालात मी दुपारी गोठ्यात सरपटत जायचो. दावणीला धरून उभा ऱ्हायचो. एकदा चार पावलं टाकली, दावणीला धरून. बसगोंडा अण्णानं बघितलं. ते रडलं हो. म्हणालं, तानाजी, गावाची इज्जत मातीत घालतोस? आबांला काय तोंड दाखवू?" त्यानं वाळलेल्या पायावरनं हात फिरवला. "त्यावर मग मी खुर्चीत बसलो ते बसलो."

"पळून का न्हाई गेलास रं?"

"कशावर?"

मी त्याला विचारलं, मिरजेला येतोस का. तो म्हणाला, "गावाला विचारा. खुर्ची गावाची हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी पारावर गाव जमलं. बाईनं समजावून सांगितलं. गुडघा आता पुरता सरळ होणार नाही, पण वाकलेल्या गुडघ्यावर भार घेणारा पाय करता येतो, दुसरा पाय कमवता येतो, महिने लागतील, तानाजी उभा राहील. लोक ऐकून घेत होते. मग बसगोंडा अण्णा उठले. वाईट माणूस नाही. हात जोडून म्हणाले, "बाई, तुमी शिकलेल्या. पर ह्यो नेम हाय. नेम मोडला की गावाला लागतंय. ज्यानं नेम घातला त्यानं सोडवावा. आबा म्हणू द्यात."

सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या.

मी जन्मात कुणाला म्हणालो नाही की मी चुकलो. बायकोला नाही, पोरांना नाही, सुभेदाराला नाही, म्हणून तर नाईक राहिलो. उभा राहिलो, बोलायला तोंड उघडलं आणि पहिल्यांदा आवाज निघेना. मग मी पाराच्या कडेला बसलो. धोतर वर घेतलं. क्लचची वायर सोडली आणि पाय काढून शेजारी ठेवला. वर गुंडाळलेल्या चिंध्या सोडल्या.

वास सुटला. बायांनी तोंडाला पदर लावला. जखम मी स्वतःच किती दिवसांनी उजेडात बघत होतो. रुपयाएवढी म्हणत होतो, तळहाताएवढी झाली होती.

मी म्हणालो, "ह्यो माझा पाय. आजवर कुणाला दाखवला न्हाई. मला एका परक्या मुलखातल्या बाईनं उशी काढून, वरडून, पाडून उभं केलं, म्हणून मी त्या दिवशी तुमच्यापुढं उभं राहून बोललो. ते मी तुमाला सांगितलं न्हाई. सांगितलं आस्तं तर तानाजी चालला आस्ता. शब्द मी चुकीचा दिला. आज परत घेतो."

टाळी पडली नाही. पवनचक्कीचं घुं-घुं तेवढं येत होतं. तानाजी खुर्चीतनं माझ्या पायाकडं बघत राहिला, आणि मग माझ्याकडं.

"पंचवीस वर्सं लावली की वो, आबा," तो म्हणाला.

मी मान खाली घातली.

मग त्यानं उचलणाऱ्या चौघांकडं बघितलं. "चला रं. जीपपातूर उचला. म्होरलं मी बघतो."

मिरज

केंद्राच्या उद्घाटनाला फीत होती, समई होती. बाईनं सांगितलं, भाषणं नंतर. लाकडाच्या दोन आडव्या दांड्या, मध्ये जागा. तानाजीच्या वाकलेल्या गुडघ्याखाली गादीची घोडी लावली, उजवा पाय मोकळा. आमच्या मागोमाग बसगोंडा अण्णा चार गडी घेऊन एसटीनं आले होते. नुसते आले नव्हते, खुर्चीचे दोन वेळू एसटीच्या टपावर टाकून आले होते. पडला तर न्यायला, म्हणाले. ते चौघं भिंतीला वेळू टेकवून उभे, आणि मी खाटेवर, कारण बाईनं मला तिथंच दाखल करून घेतलं होतं. माझ्या पायाचं माप घेतलं आहे. जखम भरल्यावर नवी वाटी. तोवर जुना पाय घालायचा नाही असा हुकूम. मी हो म्हणालो. दस्तगीर म्हणाला, "आबा हो म्हणालं! कुणीतरी लिहून घ्या."

बाईनं मोराची उशी तानाजीच्या हातातून काढून घेतली आणि लांब कपाटावर टाकली. मी डोळे मिटून घेतले, मला ती सिस्टर दिसली.

"उठा," बाई म्हणाली.

तानाजीनं दांड्या धरल्या. पहिल्यांदा उठताच आलं नाही. दुसऱ्यांदा उठला आणि बसला. चौघातला एक पुढं धावला, बाईनं हातानं थांबवलं. तिसऱ्यांदा त्याचे दंड थरथरायला लागले, मानेच्या शिरा फुगल्या, आणि तो वर आला. उजवा तळवा फरशीवर टेकला. पुरा टेकला. मिशीवरनं घाम गळत होता.



"काय होतंय?" बाईनं विचारलं. "दुखतंय?"

तानाजी खाली आपल्या पायाकडं बघत होता. "गार लागतंय," तो म्हणाला.

बसगोंडा अण्णा भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

नंतर बाईनं त्या चौघांना बोलावलं. गुडघा कसा धरायचा, किती ताणायचा, किती वेळ, उजव्या पायाला कसं कामाला लावायचं, सगळं त्यांच्याकडून करून घेतलं. डेअरीच्या दाराचा पाळीचा कागद तसाच राहील, म्हणाली, फक्त खुर्ची उचलायच्या जागी हे लिहा. आणि स्वतःच्या वहीत तिनं काहीतरी लिहिलं. मी विचारलं, काय लिहिलं. म्हणाली, "दिल्लीला कळवायचंय. केंद्रातून घरी गेलेल्या माणसामागं त्याच्या गावाची पाळी असली पाहिजे. अशी पाळी लावायची कशी ते मला ठाऊक नव्हतं. हे गाव बघून कळलं." त्या गावाला कुणी शहाणं म्हटलं, मला तेवढंच पुरलं.

मी दीड महिन्यानं नव्या पायावर घरी आलो. येताना वाट वाकडी करून त्या गावाला गेलो होतो. तानाजी घरच्या ओसरीवर दांड्या बांधून घेऊन उभा राहतो, एका दमात मोजून शंभरपर्यंत. चावडीच्या भिंतीवर ते निळं वाक्य अजून आहे. पोरं म्हणाली, आबा, पुसू का? मी नको म्हणालो. अक्षरं उभ्या माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर आहेत. मी भिंतीखाली एक बादली चुना आणि एक कुंचला ठेवला. तानाजीला सांगितलं, चालत ये, तुझा हात पोचंल तवा तूच पूस.